दीड लाखाचं मशीन आणि एकशे वीस पिशव्या

किडनीच्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये एक मजकूर फिरतो. त्याचा गोषवारा असा: ‘आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलच्या चकरा कशाला? सेकंडहँड डायलिसिस मशीन दीड लाखात मिळतं. घरातल्या आरओचं पाणी चालतं. मशीन नको असेल तर पोटाच्या डायलिसिसच्या पिशव्या कुठल्याही मेडिकलमधून, कुठल्याही कंपनीच्या घ्या आणि मायक्रोवेव्हमध्ये कोमट करा. पिशव्यांची टंचाई कंपन्या मुद्दाम करतात.’

घरी डायलिसिस होतं, एवढं यातलं खरं: एक तर मशीनने रक्त गाळून, नाहीतर नळीने पोटात पिशवीतला द्रव भरून आणि काही तासांनी काढून (पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी). बाकीचं एकेक घेऊ.

‘मशीन दीड लाखात.’ मिळेलही. पण मशीन एकदाच घ्यायचं असतं, सामान दर वेळी लागतं: डायलायझर (रक्त गाळणारी नळी), ब्लड लाइनचा संच, फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या रक्तवाहिनीच्या) दोन सुया, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, सलाइन, आणि मशीन पाण्यात मिसळतं ती दोन तीव्र द्रावणं, पार्ट ए आणि पार्ट बी. चार तासांच्या एका डायलिसिसला ३५ पट तीव्रतेचा पार्ट ए साधारण सव्वातीन ते साडेतीन लिटर जातो, म्हणजे दहा लिटरचा कॅन तीन वेळांत संपतो. हे कॅन ३५ पट, ४५ पट अशा वेगवेगळ्या तीव्रतेचे येतात. मशीन एका प्रमाणावर बसवलेलं आणि कॅन दुसऱ्या प्रमाणाचा, असं झालं की कंडक्टिव्हिटी (मिश्रणातल्या क्षारांचं माप) १४ च्या आसपास राहत नाही आणि अलार्म वाजतो. तो वाजला तर नशीब. जुन्या मशीनचा ‘त्रास’ नको म्हणून अलार्मची मर्यादाच सैल करून देणारा कारागीर भेटला, तर चुकीचं मिश्रण थेट रक्ताशेजारून वाहत राहतं. म्हणून जुनं मशीन बघताना रंग आणि स्क्रीन बघू नका. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, त्या मॉडेलचे सुटे भाग अजून येतात का आणि कंपनीचा इंजिनिअर नाशिकला यायला किती दिवस घेतो, हे लेखी मागा. विकणारा इथेच चाचरायला लागतो.

‘घरातल्या आरओचं पाणी चालतं.’ या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. आधी नुसतं गणित करा. मशीन मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वापरतं. तासाला ३० लिटर, चार तासांत १२०. स्वयंपाकघरातला आरओ तासाला १२-१५ लिटर देतो. म्हणजे पाणी आदल्या दिवशी टाकीत भरून ठेवावं लागणार, आणि क्लोरीन निघून गेलेलं साठवलेलं पाणी म्हणजे जंतूंना आयतं घर. शिवाय निम्मं पाणी रिजेक्टमध्ये जातं असं धरलं, तरी नळाचं २४० लिटर लागेल; मशीनची धुलाई वेगळी.

बरं, प्रमाण जमवलं तरी दर्जाचं काय? पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची कांडी असते. ती गाळलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम परत मिसळते. प्यायला छान, डायलिसिसमध्ये मात्र तेच कॅल्शियम डायलायझरच्या पडद्यातून रक्तात शिरतं आणि मळमळ, उलट्या, वाढलेलं बीपी सुरू होतं. क्लोरीनचं आणखी वाईट. नाशिकचं पाणी गंगापूर, मुकणे, दारणा या धरणांतून येतं आणि क्लोरीन घालूनच नळाला येतं, यायलाच हवं. पण तो क्लोरीन किंवा क्लोरामाइन डायलिसिसच्या पाण्यात राहिला तर तांबड्या पेशी फुटतात. डायलिसिस केंद्रात यासाठी कार्बनच्या दोन टाक्या एकामागोमाग लावलेल्या असतात. पहिल्या टाकीनंतरच्या नळातून नमुना घेऊन एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली आहे का, हे डायलिसिस सुरू करण्याआधी तपासतात. पहिली टाकी थकली तरी दुसरी सांभाळते, म्हणून दोन. बोटाएवढ्या घरगुती कार्बन कँडलला हे झेपत नाही. त्यात ‘दुरुस्तीसाठी शनिवारी पाणीपुरवठा बंद’ ही सूचना नाशिककरांना पाठ आहे. दुसऱ्या दिवशी कमी दाबाने गढूळ पाणी आलं, तर सेडिमेंट फिल्टर तुंबतो आणि आरओ पंपाला दाबच मिळत नाही.

विजेचंही तेच. मशीनची बॅटरी रक्ताचा पंप थोडा वेळच चालवते, पाणी गरम करणारा हीटर नाही. पंप थांबला तर लाइनमधलं रक्त हातानं पंप फिरवून परत द्यावं लागतं. हे काम जमणारं दुसरं माणूस चारही तास घरात हवं.

‘कुठल्याही कंपनीच्या पिशव्या चालतात.’ पोटाच्या डायलिसिसला ना सुया लागतात ना हे पाण्याचं लचांड, आणि हातानं केलं तर वीजही नाही. म्हणून घरासाठी आम्ही आधी याचाच विचार करायला सांगू. पण पिशवी कॅथेटरला (पोटात बसवलेल्या नळीला) थेट जोडली जात नाही, मध्ये ट्रान्सफर सेट नावाची जोडनळी असते. बॅक्स्टर कंपनीच्या सेटचं तोंड वेगळं आणि फ्रेझेनियसच्या स्टे-सेफचं वेगळं. एकाची पिशवी दुसऱ्याला बसत नाही. कंपनी बदलायची तर आधी पीडी नर्सकडून सेट बदलून घ्यावा लागतो. एरवीही तो सहा महिन्यांनी बदलायचाच. जोड बसत नाही म्हणून टेप गुंडाळून काम भागवलं की पोटात जंतू गेलेच समजा. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, तर ती पिशवी तशीच घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

लेबलचीही एक गंमत आहे. एका पिशवीवर १.३६ टक्के आणि दुसरीवर १.५ टक्के लिहिलेलं असतं, आणि दोन्हीतली साखर सारखीच. एक लेबल कोरडं ग्लुकोज मोजतं, दुसरं त्यातल्या पाण्याच्या रेणूसकट. तसंच २.२७ आणि २.५, ३.८६ आणि ४.२५. हे माहीत नसलं की ‘चुकीचा माल आला’ म्हणून खोकी परत जातात. आयकोडेक्स्ट्रिनची (ग्लुकोजऐवजी वेगळा पदार्थ असलेली) पिशवी चालू असेल तर मात्र खरंच सावध राहा: काही ग्लुकोमीटर त्यातल्या पदार्थालाही साखर समजून आकडा फुगवून दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं की साखर कोसळते.

मायक्रोवेव्हचं उत्तर छोटं आहे: नको. द्रव एकसारखा तापत नाही, एखादा कढत पट्टा पोटात जातो, शिवाय ग्लुकोज विघटित होतं. गरम पाण्याच्या बादलीतही नको, तोंडाशी जंतू बसतात. बाहेरचं वेष्टन न काढता कोरड्या हीटिंग पॅडवर अंगाइतकं कोमट करा.

‘टंचाई मुद्दाम करतात.’ कंपन्या साधुसंत नाहीत. मोठे पुरवठादार मोजकेच असल्याने भावात घासाघीस करायला वाव नसतो, ही तक्रार रास्तच आहे. पण २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलेन वादळाचं पाणी नॉर्थ कॅरोलिनातल्या बॅक्स्टरच्या एका कारखान्यात शिरलं आणि अमेरिकेसारख्या देशात या पिशव्यांचं रेशनिंग करावं लागलं. निर्जंतुक द्रवाचे कारखाने थोडे, माल जड, आणि एक बंद पडला तर दुसऱ्याकडे तेवढी जास्तीची क्षमता नसते. (बॅक्स्टरचा किडनी विभाग २०२५ च्या सुरुवातीला व्हँटिव्ह नावाने वेगळा झाला. खोक्यावर नवं नाव दिसलं म्हणून माल नकली ठरत नाही.)

आपल्याकडची टंचाई बऱ्याचदा घरातच तयार होते. दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या, महिन्याला १२०, म्हणजे २४० लिटर द्रव आणि वेष्टनासकट अडीचशे किलोच्या आसपास वजन. खोक्यात सहा पिशव्या धरल्या तर वीस खोकी. एवढा माल मेडिकलवाला ठेवत नाही, तो कंपनीच्या वितरकाकडून घरपोच येतो. मोजणी खोक्यांची नको, टक्क्यांची करा. रोज १.५ च्या तीन आणि २.५ ची एक असं लिहून दिलं असेल तर ९० आणि ३०. पायाला सूज आली, जास्त टक्क्यांची पिशवी अंगातलं पाणी जास्त ओढते म्हणून डॉक्टरांनी २.५ च्या दोन केल्या, की ३० पिशव्या पंधरा दिवसांत संपतात, कोपऱ्यात १.५ ची चळत तशीच असते आणि फोनवर ‘स्टॉक संपला’.

पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की मुंबई-भिवंडीकडची गाडी अडकते, आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीत टेम्पो शिरणं अवघड आहे. प्रत्येक टक्क्याचा दहा दिवसांचा साठा जास्तीचा ठेवा. खोकी फळीवर, भिंतीपासून जरा लांब रचा, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात नाही. आधी एक्सपायरी असलेली पुढे. आणि मिनीकॅप (पिशवी काढल्यावर ट्रान्सफर सेटच्या तोंडाला दर वेळी लावायची नवी टोपी) १२० नव्हे, १३० मागवा. हातातून पडलेली टोपी पुसून लावायची नसते.