चेहरा सुजलाय? आर २२.० टाका आणि मोकळे व्हा

रात्रपाळीला कॅज्युअल्टीत कुणी सुजलेलं तोंड घेऊन आलं, तर गांगरून जाऊ नका. केसपेपरवर ‘फेशियल स्वेलिंग’ लिहा, शेजारी आर २२.० टाका. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीतला हा कोड फार समजूतदार आहे. डोक्याच्या भागात सूज, गाठ किंवा गोळा आहे, एवढंच तो सांगतो. चेहरा त्यातच आला. का सुजला, हे तो विचारत नाही. तुम्ही कशाला विचारता?

डावा गाल की उजवा, कधीपासून, ताप आहे का, गिळता येतंय का, आवाज बदललाय का, असल्या चौकशांत शाई घालवू नये. दाढेच्या मुळाशी पू असेल तर के ०४.७, कातडीखाली संसर्ग पसरला असेल तर एल ०३.२, गालगुंड असेल तर बी २६. हे सगळं धुंडाळायला एमआरडीतल्या, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी विभागातल्या, मॅडम आहेत ना! तुमचं अक्षर त्यांना लागत नाही, हा त्यांचा दोष.

आता समजा, दादरचे एक काका आले. ओठ वडापावच्या पावासारखे फुगलेले, जीभ जड. मुलगा सांगतो, “बाबांनी रात्री कोळंबीचं कालवण खाल्लं.” वा! कारण आयतं मिळालं. लिहा कोळंबी. काकांच्या खिशातली रॅमिप्रिलची पट्टी बघायला मुळीच जाऊ नका. ही बीपीची गोळी वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतल्यावरही एखाद्या दिवशी ओठ-जीभ सुजवते. त्या सुजेला टी ७८.३ आणि गोळीला वाय ५२.४ असे वेगळे कोडही आहेत. पण ते टाकायचे, म्हणजे ‘ही गोळी पुन्हा देऊ नये’ असं डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिणं आलं. त्यापेक्षा ‘सीएसटी’ लिहा, कन्टिन्यू सेम ट्रीटमेंट. (स्टेशनाचं नाव बदललं, केसपेपरवरचं अजून तेच आहे.) काका कोळंबी जन्माची सोडतील, गोळी रोज सकाळी नेमाने घेतील. पुन्हा आले, की कोड तुम्हाला पाठच असेल.

राहता राहिला कॅशलेस विमा. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी येईल: ‘दाखल करण्याचं कारण?’ उत्तर द्या: सूज. मग येईल: ‘सुजेचं कारण?’ लिहा: केसपेपरप्रमाणे. तोवर मुलाला डिपॉझिट भरायला खाली काउंटरवर पाठवा.