आणि कंपनी

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या हळदीच्या पेढीवर एक पाटी आहे. पाटीवर मालकांचं आडनाव आणि आडनावापुढं ठसठशीत 'आणि कंपनी'. त्या पाटीखालून मी एकवीस वर्षं रोज आत जातो आणि रोज बाहेर येतो. 'आणि'च्या पुढं जे आहे ते नक्की काय आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडायला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एम.कॉम.ला बसावं लागलं.

बाहेरून एम.कॉम. करतोय म्हटलं की माणसं आधी 'कशाला?' विचारतात. मुलगी अकरावी कॉमर्सला गेली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "पप्पा, तुमच्या वेळचं सगळं बदललंय हं." एवढंच. त्या रात्री मी फॉर्म भरला. फी भरल्यावर राग उतरला, पण फी परत मिळत नाही.

पहिलीच असाइनमेंट आली. 'कंपनी रचना : सोदाहरण विवेचन. वीस पाने, स्वहस्ताक्षरात. विश्वसनीय संदर्भ आवश्यक.' 'विश्वसनीय'खाली सरांनी दोन रेघा मारल्या होत्या. पोत्यांवर अशा खुणा आम्हीही करतो, पण माल बघून करतो.

मी साध्या प्रश्नापासून सुरुवात केली. प्रायव्हेट कंपनीत जास्तीत जास्त सभासद किती? मोबाइलवर पहिला म्हणाला ५०. त्याच्याखालचा म्हणाला १००. तिसऱ्यानं २०० पुकारले. मी सवयीनं चौथ्या बोलीची वाट बघत थांबलो. राजापुरी हळदीचा सौदा आमच्याकडं असाच चढतो, पण तिथं शेवटी माल कुणाच्या तरी नावावर पडतो. इथं तिघंही आपापला भाव धरून बसलेले.

मुलीनं तिच्या मोबाइलमधल्या एआयला विचारलं. तो म्हणाला २००. मी म्हटलं, ५० ना? "आपण अगदी बरोबर आहात, ५०." मग १०० कसे म्हणतात? "फार चांगला मुद्दा मांडलात." इतका नम्र माणूस मी यार्डात पाहिलेला नाही. पण असा दिवाणजी आमच्या मालकांनी, थोरल्या अण्णांनी, दुपारच्या चहापर्यंतही ठेवला नसता.

मग एक पान असं सापडलं की बघत राहावं. स्वच्छ, मुद्देसूद, जाहिराती नाहीत. मी दीड ताव उतरवून काढला. सार्वजनिक कंपनीच्या भांडवलापाशी आलो तेव्हा आकडा दिसला, किमान ५०,००० पौंड. म्हणजे दीड ताव मी विलायतेत होतो. दुसऱ्या एका लेखात डेलावेर, डेलावेर असं सारखं येत होतं. कुणी थोर कायदेपंडित असावेत असं समजून मी 'डेलावेर यांच्या मते' अशी सुरुवात करून एक परिच्छेद लिहिला. डेलावेर हे अमेरिकेतलं एक राज्य आहे, हे मला मुलीनं सांगितलं. त्यानंतर तिनं दोन दिवस मला त्याच नावानं हाक मारली.

"इतकं काय त्यात?" जेवताना बायको म्हणाली. "आईंना विचारा. त्यांच्या बोलण्यात तर सारखी कंपनी असते."

आई ऐंशीची आहे. तिच्या लेखी कंपन्या दोनच, एक ईस्ट इंडिया आणि दुसरी गंधर्वांची. दुसरी तिनं पाहिलेली नाही, तिच्या वडिलांनी पाहिली होती, पण त्यानं काही बिघडत नाही. मी म्हटलं, "आई, ती गंधर्व नाटक मंडळी. ती काही कायद्यानं कंपनी नव्हे."

"मालक तिघं होते," आई म्हणाली. "नारायणराव, बोडस आणि टेंबे. टेंबे गेले, बोडस गेले. शेवटी कर्ज कुणाच्या गळ्यात पडलं? एकट्या नारायणरावांच्या."

मी ताट बाजूला सारून वही ओढली. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मंडळी काढली होती. म्हणजे ती भागीदारीच. आणि धंद्याचं कर्ज धंद्यापुरतं राहत नाही, ते मालकाच्या अंगावर येतं. 'अमर्याद देयता' हा शब्द मी परीक्षेत दोनदा लिहिलेला होता, पण त्याचा अर्थ मला आमटी-भाताबरोबर कळला. मात्र संदर्भ म्हणून काय लिहायचं? 'मातोश्री, जेवताना'?

रविवारी वाचनालयात गेलो. गावभागातलं जुनं वाचनालय, जुनी कपाटं. कंपनी कायद्यावरचं जाडजूड मराठी पुस्तक निघालं तेव्हा जीव भांड्यात पडला. पानांच्या मधोमध एक मातकट रेघ होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे, यावरून अंदाज यावा. त्या पाण्यातून काढून, वाळवून, पानं सुटी करून ठेवलेलं ते पुस्तक मी देवासारखं मांडीवर घेतलं. आकडा मिळाला, ५०. आणि खाली ओळ होती, 'कंपनी कायदा, १९५६ अन्वये'. पुस्तक खोटं बोलत नव्हतं. २०१३ साली नवा कायदा आला, हे त्याला कुणी कळवलं नव्हतं इतकंच.

"याच्यानंतरचं नाही का?" मी विचारलं.

"आहे की. एका विद्यार्थ्यानं नेलंय."

"कधी आणणार?"

ग्रंथपालांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पावती घेऊन निघालो.

शेवटी विश्रामबागेतल्या एका सीएंच्या ऑफिसात गेलो. साहेब रिटर्नच्या गर्दीत होते. बाहेरच्या टेबलावर आर्टिकलशिप करणारा एक पोरगा भडंग खात बसला होता. माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. मी बारा दिवसांची कर्मकथा त्याला ऐकवली. त्यानं हात पुसले.

"काका, कायदाच वाचा की."

बारा दिवसांत हे मला कुणीही सुचवलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. कायदा वाचायचा असतो हेच डोक्यात नव्हतं. तो वकिलांनी वाचायचा आणि आपण फी द्यायची, अशीच आजवरची रीत. मी विचारलं, "केवढा आहे?"

"४७० कलमं. सगळी नका वाचू. कलम २ मध्ये व्याख्या आहेत, त्यातली ६८वी बघा."

बघितलं. २००. शिवाय कंपनीचे नोकर सभासद असतील तर ते त्या दोनशेत धरत नाहीत, आणि एकच शेअर दोघांच्या नावावर असेल तर ती एकच डोकी. मग ५०? "तो जुना कायदा, ५६चा." आणि १००? "अमेरिकेत एस कॉर्पोरेशन म्हणून प्रकार असतो, त्याच्या भागधारकांची मर्यादा १००." म्हणजे तिन्ही बोल्या खऱ्या होत्या. एकच हळद, तीन बाजारसमित्या.

त्यानं माझी वही चाळली. 'किमान भरणा भांडवल १ लाख' या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मी लाल पेननं अधोरेखित केली होती. "काका, २०१५ला काढली ही अट." मी पांढरी शाई मागितली. पुढच्या पानावर भागीदारांची कमाल संख्या २० होती. "आता ५०." परत पांढरी शाई. पाचव्या पानानंतर त्यानं बाटली माझ्याच हातात दिली.

मग म्हणाला, "उदाहरण घ्यायचं तर कंपनीचा सीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक बघा. २१ अक्षरांचा असतो, त्यात कंपनीची कुंडली असते." इथं मी खूश झालो, कारण कुंडली मला कळते. उदाहरणही तयार होतं. माझा मेव्हणा किर्लोस्करवाडीला कामाला आहे, आणि किर्लोस्कर ब्रदर्सच्या स्थापनेच्या सालावरून आमचं आधीच वाजलेलं होतं. मेव्हणा म्हणायचा १९१०, मी कुठंतरी १८८८ वाचलेलं.

सीआयएन निघाला : एल २९११३ पीएन १९२० पीएलसी ०००६७०. पोरगा एकेक तुकडा फोडून सांगू लागला. एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, नसती तर यू असता. मग पाच आकडे उद्योगाचे. मग राज्य. मग नोंदणीचं साल. पीएलसी म्हणजे पब्लिक लिमिटेड. शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांक.

"साल १९२०?" मी म्हटलं. "हे तर तिसरंच निघालं!"

तेही खरं. १८८८ साली लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, १९१०ला औंध संस्थानातल्या माळावर वाडी वसवून कारखाना घातला आणि १९२०ला कंपनी म्हणून नोंदणी झाली. मेव्हण्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर." नातेवाईक हा विश्वसनीय स्रोत का मानत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

पण एक खडा दाताखाली राहिलाच. राज्याच्या जागी 'पीएन'? माझ्या वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं, महाराष्ट्र असेल तर एमएच. अर्ध्या तालुक्याची चूल जिच्यावर पेटते त्या कंपनीचा मला क्षणभर संशय आला. पोरगा हसला. "पुण्याच्या निबंधकांकडं नोंदलेल्या कंपन्यांना पीएन लागतं. सांगली त्यांच्याखालीच येते." आणखी कुठल्या बाबतीत येत नाही, ते एकदा कुणीतरी सांगावं.

चौदा पानं झाली होती. दुपारी पेढीवर उरलेली लिहीत बसलो, तेव्हा थोरल्या अण्णांनी विचारलं, "काय लिहिताय ओ रोज? पट्ट्या तर झाल्या."

मी सांगितलं. आपली पेढी ही कंपनी नाही, हेही सांगितलं. अण्णांनी पाटीच्या दिशेनं बघितलं.

"मग काय हाय?"

"भागीदारी, अण्णा. १९३२च्या कायद्याखालची. तुम्ही आणि धाकटे अण्णा."

"आन् बुडाली तर?"

"घरावर येतं."

"कंपनी असती तर?"

"शेअरच्या पैशापुरतं."

अण्णा गादीवर सरसावून बसले. "मग करून टाका की कंपनी. काय लागतंय?"

"दोन संचालक. दरवर्षी ऑडिट, विवरणपत्रं. संचालकांच्या सभा, सभेत चर्चा, चर्चेचं इतिवृत्त..."

"सभा कुणासंगं?"

मी समोरच्या गादीकडं बघितलं. तिथं धाकटे अण्णा पाठ करून बसलेले असतात. दोघे भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. कारण एका लग्नातला आहेर. व्यवहार चोख चालतो, बोलणं तेवढं माझ्यामार्फत होतं. "दिवाणजी, त्यांना विचारा पंखा कमी करू का." "दिवाणजी, त्यांना सांगा मला गार लागत नाही." दोघांमधलं अंतर आठ फूट.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "पाटीवर हाय तेवढी कंपनी बास."

त्याच संध्याकाळी शंका विचारायला सरांना फोन लावला आणि चौदा पानांची कथा सांगितली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, हे कंपन्यांचे प्रकार झाले. मी रचना म्हटलं होतं. आत कोण कुणाच्या हाताखाली, हुकूम कुठून निघतो, कुठं पोचतो. रेषा संघटन, कार्यात्मक संघटन, मॅट्रिक्स. आणि उदाहरण स्थानिक घ्या. स्वतः पाहिलेलं असेल तर फारच उत्तम, तो प्राथमिक स्रोत."

फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ पांढऱ्या शाईच्या रिकाम्या बाटलीकडं बघत बसलो. मग मुलीचं पुस्तक उघडलं. मॅट्रिक्स रचनेत एका माणसाला एकाच वेळी दोन साहेब असतात. हेन्री फेयॉल या व्यवस्थापनतज्ज्ञानं १९१६ साली व्यवस्थापनाची १४ तत्त्वं सांगितली, त्यातलं एक असं की हाताखालच्या माणसाला हुकूम एकाच साहेबाकडून मिळावा, नाहीतर गोंधळ होतो. मी ते वाक्य तीनदा वाचलं. एकवीस वर्षांत माझी बाजू इतक्या नेमकेपणानं कुणी मांडली नव्हती.

सहा पानं एका बैठकीत झाली. एकही संदर्भ शोधावा लागला नाही. शेवटच्या पानावर आकृती काढली. वर दोन चौकोन, थोरले आणि धाकटे. दोन्ही चौकोनांतून निघालेल्या रेघा खाली एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तिथं 'दिवाणजी'. त्याच्याखाली तोलाईदार आणि हमाल. चहावाल्या पोराची तुटक रेघ मात्र मला चुकवून थेट दोन्ही चौकोनांत जाते. तो दोघांनाही एकमेकांच्या बातम्या पुरवतो.

राहिलं एकच. माहिती खरी असल्याचं मालकांचं पत्र सहीशिक्क्यासह जोडायचं होतं. भागीदार दोन, म्हणून सह्या दोन.

आकृती आधी थोरल्या अण्णांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. पेन उचललं आणि परत ठेवलं.

"दिवाणजी, त्यांना विचारा, त्यांचा चौकोन मोठा का?"

मी वळलो. धाकटे अण्णा सहा वर्षांत पहिल्यांदाच तोंड फिरवून बसले होते. त्यांनीही कागद बघितला.

"दिवाणजी, त्यांना सांगा, चौकोन मोठा न्हाई, नाव लांब हाय."

"दिवाणजी, म्हणावं मोजून दाखवा."

मी उठून कपाट उघडलं. कपाटात फूटपट्टी एकच होती. मागून दोघांनी एकाच वेळी हात पुढं केले होते. ती आधी कुणाच्या हातात द्यायची, याबद्दल फेयॉल काहीच बोललेला नाही.