नॉस्टिक पंथ वाचायचा तर आधी शाखा विचारा

‘नॉस्टिक लोक जगाला तुरुंग मानत, शरीराचा तिरस्कार करत आणि जुन्या करारातल्या देवाला दुष्ट म्हणत.’ नॉस्टिक म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांतले, गूढ ज्ञानाने सुटका होते असं मानणारे पंथ. त्यांचा विषय एवढ्यावर उरकलेला सतत दिसतो. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या ग्रंथाला लागू पडतं, पण सगळ्यांना मिळून एकही लागू पडत नाही. प्राचीन नॉस्टिक विचार समजून घ्यायचा असेल तर ‘नॉस्टिक काय मानत?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हा ग्रंथ कोणत्या शाखेचा?’ इथून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

हा घोळ झाला त्याला कारण आहे. दीड हजार वर्षं या मंडळींबद्दलची जवळपास सगळी माहिती त्यांच्या विरोधकांकडून येत होती. लियोंचा बिशप इरेनेयस याने इ.स. १८०च्या सुमारास पाखंडांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. पुढे हिप्पोलिटस आला, चौथ्या शतकात एपिफेनियस आला आणि त्याने तर ऐंशी पाखंडांची यादीच केली. फिर्यादीच्या वकिलाचं भाषण ऐकून आरोपीचं चरित्र लिहावं, तसा हा प्रकार. त्यांची अवतरणं मोलाची आहेत, कारण बरेच मूळ मजकूर फक्त त्यांच्या खंडनातच उरले. मात्र पंथांची नावं, गुरुपरंपरा आणि विशेषतः लैंगिक स्वैराचाराचे आरोप तपासूनच घ्यावेत. नाग हम्मादीला जे सापडलं त्यात स्वैराचार शिकवणारा एकही ग्रंथ नाही. संयमाचा, विरक्तीचा सूर मात्र अनेक ठिकाणी आहे.

नाग हम्मादी हे वरच्या इजिप्तमधलं, नाईलकाठचं गाव. १९४५ साली त्याच्या परिसरात कातडी बांधणीच्या पपायरसच्या पोथ्या सापडल्या. बारा पोथ्या आणि सहाव्या पोथीच्या बांधणीत खोचलेली तेराव्या पोथीची पानं, असा हा संग्रह. त्यात एकूण ५२ ग्रंथ आहेत, काहींच्या एकाहून जास्त प्रती. भाषा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तची जुनी भाषा, पण मूळ रचना ग्रीक. सातव्या पोथीच्या पुठ्ठ्यात रद्दी म्हणून वापरलेल्या कागदपत्रांवर इ.स. ३४१, ३४६ आणि ३४८ अशा तारखा आहेत, म्हणजे ती पोथी ३४८नंतर बांधली गेली. इथे एक चूक फार होते. प्रतीचा काळ चौथ्या शतकातला म्हणून रचनाही चौथ्या शतकातली, असं धरलं जातं. पण ‘योहानाचा गुप्त ग्रंथ’ याच्या पूर्वार्धाशी जुळणारी मांडणी इरेनेयसने दीडशेहून जास्त वर्षं आधीच सारांशाने दिली आहे.

दुसरी चूक म्हणजे या संग्रहातलं सगळंच नॉस्टिक समजणं. त्यात प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा एक तुकडा आहे, तोही वाईट भाषांतर झालेला. हर्मीसच्या परंपरेतले ग्रंथ आहेत. येशूच्या ११४ वचनांचं थोमाचं शुभवर्तमान आहे, त्यात अज्ञानी निर्मात्याची, म्हणजे जग घडवणाऱ्या पण वरच्या देवाची ओळख नसलेल्या दुय्यम देवाची, कथा कुठेच सांगितलेली नाही.

आता शाखांकडे येऊ. सगळ्यांत ठळक पौराणिक घडण शेथपंथी ग्रंथांची. आदामाचा तिसरा मुलगा शेथ हा आपला पूर्वज, आपण त्याचं बीज, अशी यांची धारणा. ‘शेथपंथी’ हा गट आजच्या नेमक्या अर्थाने १९७४मध्ये हान्स-मार्टिन शेन्के या जर्मन अभ्यासकाने आखून दिला. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: बार्बेलो नावाची आदिमाता, हार्मोझेल, ओरोइआएल, दावेइथाइ आणि एलेलेथ हे चार प्रकाश, ‘पाच मुद्रा’ म्हटलेला स्नानविधी आणि याल्दाबाओथ हा निर्माता. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की शाखा ठरवायला अडचण येत नाही.

‘योहानाचा गुप्त ग्रंथ’ हा या शाखेचा कणा. त्याच्या चार प्रती उपलब्ध आहेत, दोन लांब पाठाच्या आणि दोन आखूड. कथा अशी. सोफिया, म्हणजे प्रज्ञा, आपल्या जोडीदाराच्या आणि परमात्म्याच्या संमतीविना एकटीच निर्मिती करू पाहते. जन्माला येतो तो सिंहमुखी सर्परूप याल्दाबाओथ. तो आईची शक्ती चोरतो, आपले अधिकारी नेमतो आणि घोषणा करतो की मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याखेरीज दुसरा देव नाही. ग्रंथ लगेच विचारतो: दुसरा कोणी नसेल तर हा ईर्ष्या कुणाची करतो? मग हे अधिकारी आदामाचं शरीर घडवतात. लांब पाठात यासाठी ३६५ देवदूतांचा हिशोब दिला आहे, कुणी कोणता अवयव केला त्याच्या नावांसकट. तरी शरीर निपचित पडून राहतं. वरच्या लोकातून आलेल्या दूतांच्या सल्ल्याने याल्दाबाओथ त्याच्या चेहऱ्यावर फुंकर घालतो, आईकडून चोरलेली शक्ती त्या फुंकरीसोबत आदामात जाते, आणि निर्माता स्वतःच रिता होतो. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाचं इतकं धीट वाचन मला दुसरीकडे आढळलेलं नाही. ‘मोशेने (‘उत्पत्ती’चा परंपरेने मानलेला लेखक) सांगितलं तसं नव्हे’ हे वाक्य या ग्रंथात पुन्हा पुन्हा येतं.

आणि एकाच शाखेतही एकवाक्यता नाही. ‘अधिपतींचं खरं स्वरूप’ या ग्रंथात एक स्त्रीरूप आत्मिक शक्ती सापात शिरून आदाम-हव्वेला शिकवते. ‘योहानाच्या गुप्त ग्रंथा’त मात्र फळ खायला लावणारा खुद्द ख्रिस्त आहे आणि साप वासना शिकवतो. म्हणून ‘नॉस्टिक लोक सापाला पूजत’ हे सरसकट विधान टिकत नाही.

व्हॅलेंटिनसची शाखा वेगळ्याच स्वभावाची. हा इजिप्तचा, अलेक्झांड्रियात शिकलेला आणि दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये शिकवणारा गुरू. त्याच्या अनुयायांनी चर्चबाहेर संसार थाटला नव्हता. ते त्याच मंडळीत बसत, तेच ग्रंथ वाचत, फक्त अर्थ खोलवर लावत. आपल्याला पाखंडी का म्हणता, अशी त्यांची तक्रार खुद्द इरेनेयसनेच नोंदवली आहे. व्हॅलेंटिनसचा शिष्य टॉलेमी याच्या मांडणीत दैवी पूर्णत्वात तीस तत्त्वं आहेत, आठ, दहा आणि बारा अशा गटांत. सर्वांत शेवटची सोफिया. पित्याचा ठाव घ्यायची तिची ओढ अनावर होते आणि ‘मर्यादा’ नावाची शक्ती तिला सावरते. तिच्या त्या बाहेर टाकल्या गेलेल्या वेदनेतून पुढे भौतिक जगाची सामग्री तयार होते. माणसं तीन प्रकारची: जड, जीवप्रधान आणि आत्मिक. मधल्या गटाला श्रद्धा आणि सत्कर्म यांची वाट खुली आहे, हे पुष्कळ सारांशांत गळून जातं.

या शाखेत निर्माता दुष्ट नाही. टॉलेमीने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेलं पत्र एपिफेनियसने जसंच्या तसं उतरवून ठेवलं, आणि त्यासाठी मी त्याचे बाकीचे सगळे शिव्याशाप माफ करतो. मोशेच्या नियमशास्त्राचे टॉलेमी तीन थर पाडतो: देवाचे नियम, मोशेचे स्वतःचे आणि वडीलधाऱ्यांनी घातलेले. देवाच्या नियमांचे पुन्हा तीन भाग. दहा आज्ञा शुद्ध, पण अपूर्ण. ‘डोळ्याबद्दल डोळा’ यात अन्याय मिसळलेला. शब्बाथ, उपास, सुंता हे प्रतीकात्मक. मग असे नियम देणारा कोण? तो परिपूर्ण पिता नव्हे आणि सैतानही नव्हे. मधला, न्यायी असा निर्माता. ही शांत, मुद्देसूद रीत पाहिली की ‘नॉस्टिक म्हणजे भडक पुराणं’ हा समज गळून पडतो.

बॅसिलिडीस हा अलेक्झांड्रियाचा, सम्राट हेड्रियनच्या काळातला. त्याच्याबाबत सावध राहावं. इरेनेयसचा बॅसिलिडीस ३६५ स्वर्ग मोजतो; हिप्पोलिटसचा बॅसिलिडीस ‘नसलेल्या देवा’पासून आणि विश्वबीजापासून सुरुवात करतो. दोन्ही मांडण्या एकत्र शिवून एक मत तयार करू नये; कोणती कुणाची, ते सांगूनच लिहावं.

मार्सियनला मी या यादीत घेत नाही. काळ्या समुद्रकाठच्या सिनोपेचा हा जहाजमालक १४४ साली रोमच्या चर्चपासून वेगळा झाला. त्याने काटछाट केलेलं लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं एवढंच प्रमाण मानलं. त्याचेही दोन देव आहेत, पण माणसाच्या आत दैवी ठिणगी नाही, सोफियाची कथा नाही. परका देव निव्वळ दयेने सोडवतो आणि माणसाने विश्वास ठेवायचा. त्याला नॉस्टिकांत ढकललं की दोन्ही मतं पुसट होतात.

आपल्याकडे हटकून येणारं वाक्य: ‘हे तर आपलं अद्वैतच!’ घाई करू नये. अद्वैतात अविद्या अनादी आहे, तिला सुरुवातीची घटना नाही. शेथपंथी कथा तर एका घडलेल्या चुकीवरच उभी आहे. शिवाय अद्वैतात ब्रह्म आणि ईश्वर यांच्यात वैर नाही. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट याने बुद्धाचं नाव लिहिलं आहे, मानी हा पुढच्या शतकातला धर्मसंस्थापक समुद्रमार्गे हिंदुस्थानात येऊन गेला, हे खरं. पण नाव कानावर असणं आणि विचार उचलणं यांत अंतर आहे, आणि ते पुराव्यानेच भरावं लागतं.

वाचायला बसणार असाल तर क्रम सांगतो. आधी फ्लोराला लिहिलेलं पत्र. ते एका बैठकीत होतं. मग ‘उत्पत्ती’चे पहिले सहा अध्याय पुन्हा वाचा, नाहीतर पुढचं काही उमगणार नाही. त्यानंतर ‘योहानाचा गुप्त ग्रंथ’, आधी आखूड पाठ. मग ‘सत्याचं शुभवर्तमान’: त्यात ना याल्दाबाओथ, ना तीस तत्त्वं, पित्याविषयीच्या अज्ञानातून भीती उपजते आणि ती धुक्यासारखी घट्ट होते, एवढ्यावर सगळं प्रवचन पेललं आहे. प्रत्येक ग्रंथाला चार गोष्टी विचारा: जग कुणी केलं आणि त्याचा स्वभाव कसा, बिघाड कुठे झाला, माणसात वरचं काय आहे, सुटका कोणत्या विधीने किंवा बोधाने होते. उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहिली की शाखा आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

भाषांतरातल्या चौकटी कंसांकडे दुर्लक्ष करू नका. त्यांच्या आतला मजकूर पपायरसवर तुटलेला आहे, संपादकाने अंदाजाने भरलेला. कंसातल्या शब्दावर सिद्धान्त उभारणं ही नवशिक्यांची नेहमीची घसरण. संदर्भ ‘२,१’ असा दिसला तर दुसरी पोथी, पहिला ग्रंथ. त्यापुढे पान आणि ओळ.

‘झोस्त्रियानोस’ शेवटी ठेवा. १३२ पानांचा हा संग्रहातला सर्वांत मोठा ग्रंथ, पण पानं इतकी फाटलेली की वाक्यागणिक खड्डे. तो वाचताना प्लेटोच्या परंपरेतला तत्त्वज्ञ प्लॉटिनस याचा नॉस्टिकांविरुद्धचा निबंध जवळ असू द्या. तिसऱ्या शतकात रोममधल्या त्याच्या वर्गात नॉस्टिक मंडळी येत असत आणि ‘झोस्त्रियानोस’ नावाचा ग्रंथ पुढे करत, असं त्याचा शिष्य पॉर्फिरी लिहितो. अमेलियस या दुसऱ्या शिष्याने त्या ग्रंथाच्या खंडनासाठी चाळीस भाग लिहिले. अमेलियसचे चाळीसही भाग हरवले आहेत. ‘झोस्त्रियानोस’ मात्र कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहे.