काउबॉय म्हणजे सालगडीच की!

मेंढ्या कातरल्या आणि त्याच रात्री गार पाऊस लागला तर काय होतं, हे आमच्या माणदेशात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कातरणीच्या दिवसांत आजोबा घडीघडीला आभाळाकडे बघायचे. लोकर उतरलेलं जनावर पावसात काकडतं, ऊब शोधत कळपाच्या मधोमध घुसतं, एकमेकांवर चढतं. सकाळी वाघरीत खालची चेंगरून मेलेली असतात, कडेची गारठून. सगळा मुलूख ज्या पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो, तोच पाऊस एखाद्याचं घर बुडवतो.

हेच मला एका टेक्सासच्या कादंबरीत भेटलं. चार्ली फ्लॅग नावाचा हेकट, उतारवयाचा पशुपालक सात वर्षं दुष्काळाशी झगडतो आणि शेवटी पाऊस येतो तो नुकत्याच कातरलेल्या अंगोरा शेळ्यांवर. डोळ्यांदेखत शेळ्या मरत असतात आणि पाऊस हवाच होता म्हणून म्हातारा त्यात भिजत उभा राहतो. ती पानं वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही बोललो नाही.

लेखक एल्मर केल्टन. आपल्याकडे वेस्टर्न म्हटलं की पिस्तूल, धूळ आणि भरदुपारी आमनेसामने उभे राहिलेले दोघे, एवढंच डोळ्यासमोर येतं. त्यामुळे हा माणूस आपल्या वाचकांपर्यंत फारसा पोहोचलाच नाही. मला त्याची मनापासून खंत वाटते, म्हणून आज हे सविस्तर लिहितोय.

केल्टन १९२६ साली पश्चिम टेक्सासमध्ये अँड्र्यूज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) जन्मला. वडील बक केल्टन हे क्रेन गावाजवळच्या मॅकएलरॉय रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, गड्यांचे मुकादम होते. चार भावांत एल्मर थोरला, पण नजर अधू, घोड्यावर मांड कच्ची, आणि सगळा ओढा पुस्तकांकडे. काउबॉयच्या कामात आपण भावंडांमध्ये सगळ्यात मागे होतो, हे तो आयुष्यभर मोकळेपणाने सांगायचा. मात्र जुने गडी गप्पा मारायला बसले की हा पोरगा कान टवकारून ऐकत बसे. लेखक व्हायचंय म्हणून त्याने सांगितल्यावर वडिलांनी गवत जळून जाईल अशा नजरेने पाहिलं आणि म्हणाले, तुम्हा आजकालच्या पोरांना कष्ट न करता पोट भरायचंय! हा प्रसंगही त्यानेच सांगितलेला.

मला वाटतं, त्याच्या सगळ्या लेखनाचं मूळ इथेच आहे. जे काम आपल्या हातून नीट होत नाही आणि वडील मात्र सहज करतात, त्या कामाबद्दल जो आदर मनात बसतो तो साधा नसतो. तसा माणूस त्या कामाबद्दल खोटं लिहूच शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लढून परतल्यावर त्याने सॅन अँजेलोच्या दैनिकात शेती आणि पशुपालनाची बातमीदारी धरली. तिथे १५ वर्षं, मग मेंढ्या-शेळ्यांच्या एका मासिकात ५, मग पशुधनाच्या साप्ताहिकात २२. म्हणजे ४२ वर्षं गुरांचे बाजारभाव, लोकरीचे दर आणि पावसाचे आकडे लिहिले आणि कादंबऱ्या उरलेल्या वेळात, रात्री नि सुट्टीच्या दिवशी. इतरांचे नायक सात फुटी आणि अजिंक्य असतात, माझे पाच फूट आठ इंचांचे आणि घाबरलेले, असं तो म्हणायचा.

त्याची १९७१ ची एक कादंबरी चक्क काउबॉयांच्या संपावर आहे. असा संप खरोखर झाला होता, १८८३ साली, टेक्सासच्या उत्तर टोकाला टास्कोसाच्या आसपास. पगार महिना २५ ते ४० डॉलर, मागणी ५० ची. पण दुखणं नुसतं पगाराचं नव्हतं. पूर्वी गड्याला मालकाच्या कुरणात स्वतःची चार गुरं पाळता यायची. पुढे पूर्वेकडून आणि युरोपातून पैसा आला, मालक बदलले आणि ती मुभा गेली. संप फसला. हे वाचलं आणि माझ्या मनातला काउबॉय कायमचा बदलला. अहो, हा तर सालगडी! मुळात ते काम मेक्सिकोच्या ‘वाकेरो’कडून आलेलं, आणि ‘वाका’ म्हणजे गाय. म्हणजे शब्दशः गुराखीच.

चार्लीच्या त्या दुष्काळाच्या कादंबरीसाठी मात्र त्याने फार वाट पाहिली. पन्नासच्या दशकात टेक्सासच्या २५४ पैकी २४४ काउंट्या आपत्तीग्रस्त जाहीर झाल्या होत्या आणि केल्टन त्याच बातम्या रोज लिहीत होता. कादंबरी लिहिली, प्रकाशकांनी नाकारली. पुन्हा लिहिली, पुन्हा नकार. अखेर १९७३ मध्ये ती आली. त्यात लोक फड्या निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांना घालतात. बर्नरचा आवाज ऐकला की गुरं आपणहून धावत येतात. आपल्याकडे ७२ पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

चार्ली सरकारी मदत घेत नाही, तिथे माझं त्याच्याशी पटत नाही. माझ्या आजीने ७२ ला दुष्काळी कामावर खडी फोडली म्हणून आमच्या घरची चूल पेटली. सरकारचा पैसा घेण्यात तिला कमीपणा वाटला नाही आणि मलाही वाटत नाही. तरीही केल्टन त्या म्हाताऱ्याचा हट्ट इतक्या जवळून दाखवतो की त्याचा राग येत नाही. घाबरलेल्या माणसाकडे हट्टाशिवाय काही उरत नाही, हे पानोपानी दिसतं.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न लेखकांच्या संघटनेने त्याला आजवरचा सर्वश्रेष्ठ वेस्टर्न लेखक म्हणून निवडलं. २००९ मध्ये तो गेला. ह्यूस्टनला नोकरीत असताना मी एकदा मुद्दाम सॅन अँजेलोला जाऊन आलो. सहा तासांची वाट. शेवटी शेवटी दोन्ही बाजूंना मेस्कीटची झाडं, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीणच. खाली पिवळं गवत आणि तारेचं कुंपण. गाडी बाजूला लावून मी वडिलांना फोन केला आणि ती कादंबरी सांगितली. सात वर्षं, चार्ली, निवडुंग, कातरणी, पाऊस, सगळं. ते मधे एका शब्दानेही बोलले नाहीत. माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“किती मेली रं?”