फोन टाळून प्रश्न सुटत नाही

कर्ज थकलं की वसुलीवाल्यांचे फोन उचलूच नका, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. नोकरी गेल्यावर सात महिने मीही तेच केलं. फोन वाजला की पोटात गोळा यायचा, मुलगी गुपचूप तो उशीखाली सरकवायची. व्याज चढतच राहिलं आणि आलेली नोटीसही मी उघडली नाही. शेवटी एक वही सुरू केली. तारीख, वेळ, कोण बोललं, काय धमकी दिली, सगळं त्यात. प्रत्येकाला एकच वाक्य: "मुद्दल किती, व्याज किती, कोणाच्या वतीने मागताय, ते लेखी पाठवा." बऱ्याच जणांचा आवाज तिथेच खाली यायचा.

"थोडे तरी भरा" म्हटलं की लगेच हो म्हणू नका. अनेक देशांत एखादा हप्ता भरला किंवा लेखी कबुली दिली की जुन्या कर्जासाठी कोर्टात दावा करण्याची मुदत नव्याने मोजली जाते. आधी घरभाडं, वीज, औषधं. तडजोड ठरलीच तर कागद हातात आल्यावरच पैसे द्या. कर्जाला जामीन न राहिलेल्या नातेवाइकांना फोन करून छळत असतील तर तेही वहीत नोंदवा, तक्रार करताना उपयोगी पडतं. कोर्टाचं पाकीट मात्र आलं त्याच दिवशी उघडा, कृपा करून.