बेरे टोपीला किती गुण?

आत्ताच घरी आलेय, पर्स अजून खांद्यावरच आहे. उद्यावर ढकललं तर शहाण्यासारखं लिहीन, आणि आज मला अजिबात शहाण्यासारखं लिहायचं नाहीये.

शाळकरी मुलांची फ्रेंच गाण्यांची स्पर्धा होती. तीन परीक्षक, त्यातली एक मी. पहिला नंबर कोणाचा? आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट, तिरकी बेरे (ती चपटी, गोल फ्रेंच टोपी) आणि गळ्यात लाल रुमाल घालून आलेल्या मुलाचा. गायला बरा. सुरात होता, हातवारे तर मूळ व्हिडिओतले एकूण एक. खाली उतरल्यावर त्याला सहज विचारलं, काय रे, गाणं कशाबद्दल आहे? म्हणाला, "लव्ह, मॅम." गाणं घरी कधीच नसलेल्या बापाबद्दल होतं.

पोराला काही बोलायचं नाहीये मला. त्याला जे दाखवलं ते त्याने केलं. राग आलाय तो आमच्यावर, परीक्षकांच्या टेबलावर.

कारण त्याच्या आधी एक मुलगी गाऊन गेली होती. नववीतली असेल. जुनं, संथ गाणं. करावके ट्रॅक सुरू झाला, पहिल्या दोन ओळींतच कळलं की पट्टी तिच्या गळ्याला फार वर आहे. या ट्रॅकचं असंच असतं, मूळ गायकाची पट्टी तीच सगळ्यांची पट्टी. कोवळ्या गळ्याचं काय व्हायचं ते होवो. तिने हात वर केला, ट्रॅक थांबवायला सांगितला, एक श्वास घेतला आणि स्वतःच्या पट्टीत, साथीशिवाय, पहिल्यापासून गायली. मागे बसलेली पोरं चुळबूळ करत होती ती गप्प झाली. अहो, एवढ्या वयात एवढी हिंमत!

तिचं गुणपत्रक मी शेजारी बसलेल्या सरांच्या हाताखालून वाचलं. "ट्रॅक थांबवला." वजा. "शेवटचा ए उच्चारते." वजा. "र फ्रेंच नाही." वजा.

आता या शेवटच्या ए-बद्दल बोलूच. फ्रेंचमध्ये कित्येक शब्दांच्या शेवटी हा ए लिहितात आणि बोलताना गिळतात. बरोबर, पहिल्या वर्षाच्या मुलांनाही आपण तेच शिकवतो. पण गाण्यात? फ्रेंच छंदात पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर तो ए वेगळं अक्षर म्हणून मोजतात. चाल बांधणाराही बहुतेक वेळा त्याला स्वतःचा सूर देतो. तो सूर गायचाच असतो, नाहीतर चालीला भोक पडतं. आपणही बोलताना "घर" म्हणतो तेव्हा शेवटचा अ कुठे ऐकू येतो? आणि तेच ओवीत आलं की तो अ चांगला लांबवून म्हणतो, तेव्हा कोणी म्हणतं का की हिला मराठी येत नाही? त्या मुलीने जिथे चालीत सूर होता तिथे ए गायला, जिथे पुढचा शब्द स्वराने सुरू होत होता तिथे गिळला. म्हणजे तिला कोणीतरी नीट शिकवलंय, किंवा तिने कान देऊन ऐकलंय. आणि तिचे गुण कापले गेले ते नेमके यासाठी.

आणि तो र. घशातला र म्हणजेच फ्रेंच, हे कोणी ठरवलं? फ्रेंच गायिका एदित पियाफचा र घशातून घरंगळत यायचा, मान्य, ऐकत राहावा असाच. पण फोरे, दब्यूसी या फ्रेंच संगीतकारांची गाणी शिकवणारे कितीतरी गुरू जिभेच्या टोकाचा र शिकवत आले आहेत, कारण घशातला र स्वराच्या वाटेत येतो. पश्चिम आफ्रिकेत लाखो लोक रोजचं फ्रेंच जिभेच्या टोकाच्या र-नेच बोलतात. ते काय चुकीचं बोलतात?

इथे माझा पारा चढतो बघा. या स्पर्धा भरतात कधी? बहुतेक मार्चमध्ये, फ्रँकोफोनी दिवसाच्या, म्हणजे जगभरातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांच्या दिवसाच्या, आगेमागे. 20 मार्चच का, तर 1970 साली त्या दिवशी निआमेमध्ये फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या सहकार्याचा करार झाला म्हणून. निआमे म्हणजे नायजरची राजधानी. त्या कल्पनेमागे उभे होते तेव्हाचे तीन राष्ट्राध्यक्ष: सेनेगलचे सेंघोर, ट्युनिशियाचे बुर्गिबा, नायजरचे दिओरी. मुहूर्त आफ्रिकेतला, स्टेजच्या मागे चित्र मात्र आयफेल टॉवरचं, आणि गुण कापायचे पॅरिसच्या र-साठी. बरं, आपण ज्यांना "किती अस्सल फ्रेंच" म्हणून डोक्यावर घेतो त्या गायकांतला जाक ब्रेल बेल्जियमचा आणि सेलीन दियाँ कॅनडातल्या क्युबेकची!

सर म्हणाले, "मॅडम, उच्चाराला काहीतरी मोजमाप हवं ना?" हवं. "ले एरो" म्हणजे वीर, आणि तिथे चुकून मध्ये झ-ची जोड देऊन "लेझेरो" म्हटलं की त्या वीरांची शून्यं होतात. अशी चूक झाली तर कापा गुण, मी आधी कापेन. अनुनासिक स्वर सपाट म्हटले, "आँ" आणि "ओँ" यांत फरकच ठेवला नाही, तर ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. तिथेही कापा. माझं म्हणणं एवढंच आहे की ऐकणाऱ्याला अर्थ पोचेना, ती चूक. परीक्षकाने जिथे डिप्लोमा केला तिथल्यासारखं वाटत नाही, ही चूक नव्हे.

त्या मुलीलाही मी नंतर तेच विचारलं, गाणं कशाबद्दल आहे. ती जरा थांबली. मग म्हणाली, "मॅम, ती त्याला जाऊ नको म्हणत नाहीये. तो गेलाय हे ती स्वतःलाच समजावतेय. म्हणून मी शेवटचं कडवं हळू म्हटलं." अजून काय हवंय? एखाद्या परक्या भाषेतल्या गाण्याशी नववीतल्या पोरीने एवढं नातं जोडलं, तर आमचं काम झालं की नाही? आमच्या गुणपत्रकात मात्र याला रकानाच नाही. उच्चार, सूर-ताल, पाठांतर, सादरीकरण. सादरीकरण म्हणजे टोपी.

मी तिला माझ्या रकान्यांत देता येतील तेवढे सगळे गुण दिले. बेरीज झाली, ती चौथी आली. उत्तेजनार्थही नाही.

असो. जरा पाणी पिऊन आले.

सर वाईट नाहीत. त्यांनी आयुष्यभर मुलांना व्याकरण घासून घासून शिकवलंय, त्यांचे विद्यार्थी परीक्षांमध्ये चमकतात. त्यांचा कान बोलण्याच्या परीक्षेचा आहे, आणि तो कान घेऊन ते गाण्याच्या स्पर्धेत बसतात, एवढीच अडचण. मला स्वतःला ते फार आवडतात, म्हणून तर टेबलावर एवढी भांडले. तरी ती मुलगी ट्रॅक थांबवून उभी राहिली तेव्हा सरांचंही पेन थांबलं होतं, मी पाहिलंय. मग त्यांनी मान खाली घातली आणि "वजा" लिहिलं. याचं काय करायचं?

आयोजकांपैकी कोणी वाचत असेल तर चार गोष्टी करा. गाण्याचे शब्द परीक्षकांना आदल्या दिवशी पाठवा, आम्ही चालीसकट ऐकून येऊ. ट्रॅकची पट्टी बदलायला मुलांना परवानगी द्या, हल्ली मोबाईलवर दोन मिनिटांत होतं ते. साथीशिवाय गायचं असेल तर गाऊ द्या. आणि गाणं झाल्यावर प्रत्येकाला एक प्रश्न विचारा, हवा तर मराठीत, की बाळा, तू काय गायलास. त्याला दहा गुण ठेवा. टोपीचे पाच त्यातच वळते करून घ्या.

आणि सर, तुम्ही हे वाचणार मला माहितीये. खाली कमेंटमध्ये भांडा, फोन करू नका. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.