पाव सेकंदाचं बिल

बाबा सहकारी बँकेत एकतीस वर्षं होते. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही सुखदुःखाचा शेवट बेरीज-वजाबाकीत होतो. मध्यंतरी माझं एक बिल त्यांच्या हाती लागलं. कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"चाळीस फोटो?"

"हो."

"एक फोटो काढायला किती वेळ लागतो?"

मी सरळ माणूस. म्हटलं, "स्टुडिओत फ्लॅश असतो. शटर १/१६० सेकंद उघडतं."

बाबांनी पेपरच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी खरडलं. "म्हणजे चाळीस फोटो मिळून पाव सेकंद. पाव सेकंदाचे एवढे पैसे लावलेस?" मग आवाज खाली आणून, "आणि आले का?"

"नाही अजून."

"किती दिवस झाले?"

"बासष्ट."

"पाव सेकंदाचं काम आणि बासष्ट दिवसांची उधारी," बाबा म्हणाले. "बँकेत असं कर्ज मंजूर केलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

मी फ्रीलान्स फोटोग्राफर आहे. फॅशन आणि कला. डोंबिवलीत या वाक्याचा काही उपयोग होत नाही. सोसायटीत आई अजून "कॅमेऱ्याचं करतो" एवढंच सांगते, आणि त्यावर समोरून ठरलेले दोन प्रश्न येतात. "लग्नाचे का?" आणि "पासपोर्टचे किती घेतो?" तळमजल्यावरच्या काकूंनी तर एकदा आधार कार्डावरचा फोटो बदलून मिळेल का, म्हणून चहाला बोलावलं होतं. चहा चांगला होता.

तर ते बिल. काम होतं पैठण्यांचं. ऑनलाइन साड्या विकणारी एक कंपनी, दहा साड्या, प्रत्येकीचे चार फोटो. मालकीणबाईंना पाठीमागे शेंदरी रंग हवा होता, आणि तोसुद्धा 'संध्याकाळी सातच्या आरतीच्या वेळचा शेंदरी'. स्टुडिओत पांढरा, काळा आणि राखाडी असे तीनच कागद होते. म्हणून आदल्या दिवशी फोर्टात बोरा बाझारला गेलो. बॅकग्राउंडच्या कागदाचा रोल २.७२ मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. दुकानात तो उभा असतो तेव्हा मुळीच लांब वाटत नाही. तो लांब होतो सीएसएमटीच्या गर्दीत.

संध्याकाळी सहाची वेळ, लगेजचा डबा. एका बाजूला माशांच्या रिकाम्या पाट्या, दुसऱ्या बाजूला घरी निघालेले डबेवाले, आणि मधोमध मी, भालदारासारखा. दादर येईपर्यंत चार जणांनी विचारलं. एकाला वाटलं मांडवाचं सामान. एकाला वाटलं लिनोलियम. त्याने दरही विचारून घेतला. पाट्यांवर बसलेल्या मावशी मात्र रोल बराच वेळ निरखत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कागदच आहे ना? मग आडवा कर, त्यावर बसता येईल." डोंबिवलीला रिक्षात तो दोन्ही बाजूंनी बाहेर आला आणि आमची रिक्षा विमानासारखी दिसू लागली. रिक्षावाल्याने एका पंखाचे दहा असे वीस रुपये जास्त घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मिरवणूक उलट दिशेने, साडेसातच्या गर्दीत. करी रोडला उतरलो तेव्हा शेंदरी कागदाच्या एका टोकाला कोणाच्या तरी डब्यातली वाटाण्याची उसळ लागली होती. तेवढा भाग मी कापून टाकला. हाही वेळ बाबांच्या पाव सेकंदात धरलेला नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर आहे. त्या दहांत एक धूपछाव पैठणी होती. उभा धागा मोरपंखी, आडवा धागा राणी. अशा साडीला एक असा रंग नसतोच. समोरून बघितलीत तर जांभळी, जरा डावीकडे झालात की मोरपंखी, मॉडेलने कंबर वळवली की राणी. विणणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं असतं, त्याचेच तर पैसे. डोळ्याला ते कळतं, कारण डोळा हलतो, साडी हलते, उजेड हलतो. कॅमेऱ्याला सांगावं लागतं, बाबा रे, यातलं एक काय ते ठरव.

मी चोवीस चौकटींचं रंगपट्टीचं कार्ड मॉडेलच्या हातात देऊन पहिला फोटो घेतला, कॉम्प्युटरवर रंग जुळवला. मालकीणबाई पडद्याजवळ आल्या.

"हा जांभळा नाही आपला."

"मॅडम, साडी धूपछाव आहे."

"ते मला माहितेय रे. पण कस्टमरला मोरपंखी दिसायला पाहिजे."

लाइट डावीकडे सरकवला. साडी मोरपंखी झाली.

"आता राणी कुठे गेला?"

लाइट परत आणला.

"आता दोन्ही दिसू देत. एकदम."

पाऊण तास गेला. त्यात पैठणीच्या काठावर मॉयरे आला. म्हणजे रेशमाची बारीक वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी यांचं एकमेकांशी पटत नाही आणि फोटोत कापडावर लाटा उमटतात. जरा मागे सरकलं की जातात. मागे भिंत होती. मी भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून, एक गुडघा स्टुलावर टेकून तो फोटो घेतला. त्या फोटोत मॉडेल अशी काही शांत दिसते, की तिच्या पाठीला ब्लाउज बसवायला सहा कागदी क्लिपा लावल्यात आणि निऱ्यांत माझा हेल्पर उकिडवा बसून हेअर ड्रायरने पदर उडवतोय, असं कोणाच्या मनातही येणार नाही.

शेवटचा फोटो झाल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "आता सेटअप आहेच, तर माझा एक प्रोफाइल फोटो काढतोस?" तो एक, मग त्यांच्या बहिणीचा एक, मग दोघींचा, मग स्टायलिस्टच्या कुत्र्याचा. सेटअप आहेच, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला कोणी तरी आयुष्यभर लगेजच्या डब्यातून नऊ फुटी रोल घेऊन फिरवायला हवं.

कलेच्या क्षेत्रात हा त्रास नसतो. तिथे पैशाचा विषयच निघत नाही. रंगीत तालमीचे फोटो काढायला नाटकवाले बोलावतात तेव्हा दिग्दर्शक खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "क्रेडिट देऊ आपण व्यवस्थित." हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले होते. बँकेत क्रेडिट म्हणजे जमा. मग मी त्यांना जाहिरात दाखवली. सगळ्यात खाली, 'सहकार्य' या शब्दानंतर, बोटाने मोठं केल्याशिवाय वाचता येत नाही असं माझं नाव. आडनाव चुकलेलं. बाबा म्हणाले, "हे तर डेबिट झालं."

तरी नाटकाचे फोटो मी काढतोच. काळोखात, आवाज न करणारं शटर लावून, विंगेत उकिडवं बसून. नट स्वगत म्हणता म्हणता थांबतो आणि त्याच्या कानामागून घामाचा एक थेंब निघतो, तो उजेडाच्या कडेवर येईपर्यंत वाट बघायची. तो थेंब मिळाला की पुढचे दोन दिवस मी घरात फार चांगला वागतो, असं आई म्हणते.

चित्रकारांची गोष्ट वेगळी. एका चित्रकाराला जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळाली. तिथली तारीख मिळायला वर्षं जातात, त्यामुळे माणूस हवेत होता. कॅटलॉगसाठी मी त्याच्या तैलचित्रांचे फोटो काढले. तैलरंग चमकतो, म्हणून दिव्यांवर आणि लेन्सवर दोन्हीकडे पोलरायझर लावून ती चमक मारावी लागते. दिवसभर मारली. संध्याकाळी त्याने फोटो बघितले आणि हळू आवाजात म्हणाला, "या लाल रंगात माझ्या आजीचं अंगण आहे. ते आलेलं नाही." मी लाल थोडा वाढवला. "अंगण आलं," तो म्हणाला, "पण आजी गेली." पैशांऐवजी त्याने मला चार बाय तीनचं एक चित्र दिलं. ते आमच्या वन बीएचकेत टीव्हीच्या वर आहे. वीजबिल आलं की बाबा त्या चित्राकडे बघतात.

परत पैठणीकडे येतो. फोटो दिले, बदल झाले, बदलांचे बदल झाले, 'फायनल' नावाच्या फोल्डरला तीन भावंडं झाली. मग बिल पाठवलं आणि अकाउंट्समधल्या मॅडमशी माझं नातं सुरू झालं. माझ्या लग्नासाठी आई ज्या मुलींशी बोलायला सांगते त्यांच्याशीसुद्धा मी एवढं नियमित बोललेलो नाही.

पहिल्या फोनला कळलं, बिलावर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरचा नंबर नाही. पीओ नंबर मागितला तर कळलं, आधी व्हेंडर कोड लागतो. व्हेंडर कोडसाठी रद्द केलेला चेक, पॅन आणि जीएसटी नंबर.

"मॅडम, जीएसटी नाही माझा. वर्षाला वीस लाखांच्या आत असलं तर लागत नाही."

पलीकडे शांतता. मग फार मायेने, "अच्छा… वीस लाखांच्या पण आत का, सर?"

त्यानंतर त्या माझ्याशी नेहमीच हळुवार बोलल्या. पेमेंटची सायकल १० आणि २५ तारखेला असते. दहाला साहेब बाहेर होते. पंचविसाला साहेब आत होते पण सही बाहेर होती. मग ऑडिट, मग मालकीणबाईंच्या घरचं लग्न, मग सिस्टीम.

इकडे बाबांनी अभ्यास सुरू केला होता. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, त्यांनीच करून घेतली होती, आधार कार्ड हातात धरून, एका बैठकीत. एके रात्री ते २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याचा प्रिंटआउट घेऊन माझ्या उशाशी आले.

"ऊठ. पंचेचाळीस दिवसांच्या वर ठेवताच येत नाहीत पैसे. पुढे व्याज. किती, माहितेय? रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट!" गळा दाटून आल्यासारखा आवाज. "आणि दरमहा चक्रवाढ रे, दरमहा!"

गणपती आल्यावर असतो तसा चेहरा झाला होता त्यांचा. त्यांनी नोटिशीचा मसुदाही केला होता, शेवटी 'आपला विश्वासू' लिहून.

"बाबा, नोटीस पाठवली तर पुढचं काम देणार नाहीत."

"पैसे न देणाऱ्याचं पुढचं काम हवंय कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते रात्री पावणेबाराला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. दिवाळीचं कलेक्शन यायचं होतं. बाकीचे तरी कुठे वेळेवर देतात. आणि खरं सांगायचं तर तो धूपछाव पैठणीचा भिंतीला पाठ लावून काढलेला फोटो त्यांनी वेबसाइटवर सगळ्यात वर लावला होता, आणि मी तो रोज एकदा उघडून बघत होतो. मी कूस बदलली. बाबांनी मसुदा बिलांच्या फाइलला लावून ठेवला.

सत्त्याण्णवाव्या दिवशी फोन आला. पहिल्यांदाच अकाउंट्समधल्या मॅडमकडून.

"सर, गुड न्यूज होती. पेमेंट रिलीजला लागलं होतं. पण मॅडमनी होल्ड केलंय."

"आता का?"

"ती धूपछाव आहे ना, तिचे रिटर्न्स आलेत. कारण लिहिलंय, रंग फोटोप्रमाणे नाही. मॅडम म्हणाल्या, एकदा फोटोग्राफरशी बोलून घेऊ."

मी उसळलो. उभा धागा, आडवा धागा, चोवीस चौकटी, लोकांच्या मोबाइलचे पिवळे पडदे, सगळं बोललो. "मॅडम, तो फोटो बरोबर आहे. ज्याला साडी कळत नाही त्याने परत केली असणार. किती आलेत?"

"तीन, सर. एक पुण्याहून, एक नाशिकहून. आणि एक तुमच्याच बाजूची आहे बघा. डोंबिवली पूर्व."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

मी फोन ठेवून आत गेलो. आई कढईकडे बघत होती. कढईत काहीच नव्हतं.

"आई?"

"अरे, तुझं काम म्हणून कौतुकाने मागवली होती. ताईच्या मुलीच्या लग्नाला नेसणार होते. फोटोत छान मोरपंखी दिसत होती. घरी उघडली तर राणी."

"आई, धूपछाव आहे ती! जरा फिरवून बघायचीस."

"मग फोटोत फिरवायची होतीस ना तू."

एवढ्यात बाबा बाहेरून पासबुक घेऊन आले. आईने त्यांच्याच कार्डावरून मागवली होती, त्यामुळे नोंद त्यांच्याकडे होती. त्यांनी तारखांवरून बोट फिरवलं, मनाशी हिशेब केला आणि कौतुकाने मान हलवली.

"परत पाठवल्यापासून चौथ्या दिवशी सगळे पैसे जमा," ते म्हणाले. "कंपनी चोख आहे हो."